मधल्या तीन तबकड्या

रविवारी उन्हं कलती झाली होती, तेव्हा हिंगोली ठाण्यातला फोन वाजला. फौजदार वसराम राठोडने तो उचलला.

"राठोड साहेब, डॉक्टर सोमाणी बोलतोय. केंद्रात आग लागली होती. विझवली आम्ही. पण आत कोंडीबा होता."

"होता म्हणजे?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याच."

एकोणऐंशी सालचा मे महिना. छावणीच्या रस्त्यावरचं डांबर पाघळून सायकलच्या चाकांना चिकटत होतं. तिथल्या एका जुन्या दगडी बंगल्यात कुष्ठरोग केंद्र होतं. डॉक्टर रामकिशन सोमाणी फाटकातच उभे होते. शर्टभर काजळी, डोळे लाल.

बंगल्यात पुढच्या अंगाला मशीनची खोली. दीड वर्षापूर्वी एका संशोधन प्रकल्पातून इथं कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळं गाव खिडक्यांशी गर्दी करून बघून गेलं होतं. गावोगावच्या रोग्यांची नावं, कुणाला गोळ्या कधी दिल्या, कुणाचा चट्टा गेला, हे सगळं त्यात भरलेलं असायचं. या खोलीला लागून मागे कागदाची खोली. दोन्हींच्या मध्ये एक दार, आणि कागदाच्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं दुसरं.

आग कागदाच्या खोलीत लागली होती. मागच्या दाराशी, आतल्या बाजूला, म्हातारा चौकीदार कोंडीबा पडला होता.

"जळालेला नाही," वसराम म्हणाला.

"नाही. धुरानं गेला."

दाराची कडी अर्धीच सरकली होती. वसरामने कोंडीबाचा उजवा हात बघितला. बोटं तळव्याकडे वळून तशीच बसलेली. रोग बरा होऊन वर्षं लोटली, पण बोटं काही सरळ झाली नव्हती. एरवी तो मनगटानं ढकलत ढकलत, सावकाश कडी काढायचा. आज त्याला सावकाशीला वेळ मिळाला नव्हता.

वसराम बराच वेळ तिथंच उकिडवा बसून राहिला. मग उठून त्याने विचारलं,

"रविवारी केंद्र बंद असतं?"

"बंद. कोंडीबा एकटाच असतो. फाटकाजवळची त्याची खोपी पत्र्याची. दुपारी भट्टी होते. म्हणून तो मागच्या दारानं या खोलीत यायचा, आतून कडी घालायचा आणि खोक्यांच्या मागे गार फरशीवर झोपायचा."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला. आणि त्याच्या बायकोला. नोकरी जाईल या भीतीनं त्यानं हात जोडले होते, कुणाला सांगू नका म्हणून. मी कुणाला बोललो नाही."

"पुढचं दार?"

"त्याला कुलूप होतं. किल्ली खोपीतल्या खिळ्यावर असते, तिथंच होती. मीच ती घेऊन दार उघडलं."

"आग कशानं लागली असेल?"

"बिडी," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. "दुसरं काय असणार?"

वसराम मशीनच्या खोलीत आला. मशीनवर काजळी बसली होती, पण ते शाबूत होतं. टेबलाखाली पत्र्याचे डबे नीट एकावर एक रचलेले होते. मशीन चालवणारा लिंबाजी कांबळे कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. पंचविशीतला, मुंबईला शिकून आलेला पोरगा.

"हे डबे कशाचे?"

"गोळ्यांचे, साहेब. डॅप्सोनच्या." लिंबाजी पुढे आला आणि थबकला. "पण हे इथं नसतात. त्या खोलीत, दाराजवळच्या फळीवर असतात. काल संध्याकाळी तिथंच होते."

वसराम डॉक्टरांकडे वळला. "बिडी ओढता ओढता झोपलेला माणूस आधी गोळ्यांचे डबे उचलून दुसऱ्या खोलीत ठेवील का?"

तेवढ्यात लिंबाजीने भिंतीजवळचं लोखंडी कपाट उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"साहेब, कॉप्या गेल्या."

"कसल्या कॉप्या?"

लिंबाजीने समजावून सांगितलं. मशीनमधलं सगळं एका तबकडीवर असतं, जेवणाच्या ताटाएवढ्या. तिला डिस्क म्हणतात. लाईट गेली, डिस्क बिघडली, तर सगळं पुसलं जायचं. म्हणून दर महिन्याला तो आख्खी तबकडी जशीच्या तशी दुसऱ्या कोऱ्या तबकडीवर उतरवून घ्यायचा आणि महिन्याचं नाव घालून कपाटात ठेवायचा. सहा महिन्यांपेक्षा जुनी झालेली तबकडी कोरी करून पुन्हा वापरायचा.

"म्हणजे वहीची नक्कल."

"नकलेपेक्षा फोटो म्हणा, साहेब. त्या दिवशी आत जे जसं होतं, तसंच्या तसं. पुढं काही बदललं, तरी फोटोत बदलत नाही."

कपाटात नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीच्या तबकड्या होत्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलच्या जागा रिकाम्या होत्या. त्या तीन तबकड्या राखेत सापडल्या. वरचं प्लास्टिक वितळून ॲल्युमिनियम वाकडंतिकडं झालं होतं, आणि राखेला रॉकेलचा वास येत होता.

"आणि चालू महिन्याची?"

"ती मशीनमध्येच आहे. तिला धक्का लागलेला नाही."

कोंडीबाला सोमवारी सकाळी माती दिली. खांदा द्यायला पहिला पुढे झाला तो पुंजाजी. गावोगाव फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासणारा, गोळ्या पोचवणारा हा केंद्राचा सगळ्यात जुना माणूस. त्याला सगळे भाऊ म्हणूनच हाक मारायचे. शिरड शहापूर आणि सिद्धेश्वरकडची गावं त्याच्याकडं होती. कोंडीबा धनगर मेंढरांमागं हिंडता हिंडता रोगानं पडला, घरच्यांनी सिद्धेश्वरच्या माळावर खोपटात ठेवला, तिथून पुंजाजीनेच त्याला केंद्रात आणला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून खड्ड्याच्या काठावरून पुंजाजी उठेना तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

परतताना वसराम त्याच्या बरोबरीनं चालू लागला.

"काल तुमी कुठं होता, भाऊ?"

"गावाकडं. शिरडला."

"कोंडीबा बिडी ओढायचा?"

पुंजाजी खाली बघत चालत होता. "ओढायचा कधीमधी."

"खोलीत झोपतो, हे माहीत व्हतं?"

"न्हाई, साहेब." पुंजाजी थांबला. "न्हाई माहीत व्हतं."

तिथून वसराम कोंडीबाच्या घरी गेला. पारुबाई अंगणात बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाई, एकच विचारतो. कोंडीबा बिडी ओढायचा का?"

"कवाच सोडली, साहेब. बोटायला चटका बसला तरी कळायचं न्हाई त्यायला. एक डाव तर हाड दिसस्तोवर जळलं. मलम लावता लावता भाऊनी गळ्याची आन घातली. तवापासून हात लावला न्हाई बिडीला." तिनं पदर तोंडाशी घेतला. "लोक म्हणून राहिले, बिडीनं मेला. तेवढं तरी बोलू नका म्हणावं."

"मी सांगतो लोकायला," वसराम म्हणाला.

दुपारी केंद्रात डॉक्टर वाटच बघत होते. त्यांनी दार लोटून घेतलं.

"राठोड साहेब, सांगायला नको वाटतं, पण माझा लिंबाजीवर संशय आहे. त्याला मुंबईला परत जायचंय. मी सोडत नाही. महिनाभर आमची बोलाचाली बंद आहे. आणि कोणती तबकडी कुठली, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?"

"तबकड्यांवर महिन्याचं नाव असतं. ते कुणालाही वाचता येतं. बरं, या कॉप्यांबद्दल इतक्यात काही बोलणं झालं होतं?"

"गेल्या आठवड्यात बैठक झाली. मुंबईचे संशोधक जूनमध्ये येणार आहेत. सगळ्या महिन्यांच्या कॉप्या एकमेकींशी ताडून बघायच्या, औषध मध्येच सोडून गळालेले रोगी कोण ते काढायचं, आणि जीप घेऊन त्यांच्या घरी जायचं. मी सगळ्यांना हे सांगितलं."

"सगळे होते?"

"सगळे."

वसरामने लिंबाजीला व्हरांड्यात बोलावलं. पोराचा चेहरा उतरला होता. आपल्यावर संशय आहे, हे त्याला कळून चुकलं होतं.

"लिंबाजी, तुला एखादी तबकडी बाद करायची असती तर काय केलं असतंस?"

"मशीनवर चढवून कोरी केली असती. कुणाला कळलंही नसतं."

"आग लावायची गरज?"

"काहीच नाही, साहेब."

"मग बस असा. मशीनमधून नाव कमी कसं होतं?"

"कुणी वारलं, कुणी गाव सोडून गेलं, तर गावात फिरणारी माणसं शनिवारी येऊन तोंडी सांगतात. मी काढून टाकतो."

"आजवर कधी काही विचित्र घडलं? आठवून सांग."

लिंबाजी विचारात पडला. "मार्चमध्ये एकदा लाईटचा झटका बसला आणि डिस्क गेली. मी फेब्रुवारीची कॉपी चढवली. मधल्या दिवसांतली नवीन नावं कागदावरून पुन्हा भरली. पण बेरजेला एक नाव जास्त यायला लागलं. मला वाटलं, माझीच चूक."

"मधल्या दिवसांत तोंडी सांगून काढलेली नावं?"

"ती..." लिंबाजीने वर बघितलं. "ती कागदावर नसतात. फेब्रुवारीच्या फोटोत ते नाव होतंच. ते परत आलं असणार."

"काढलेलं नाव परत आलं," वसराम हळूच म्हणाला. "याबद्दल तू कुणाशी बोललास?"

"सगळ्यांशीच. चहाला बसलो की हेच. कॉपीतून पण नाव जातं का, असंही विचारायचे लोक. मी म्हणायचो, फोटोतलं माणूस कसं पुसायचं?"

"आणखी काही सांगायचं राहिलं का?"

लिंबाजीने इकडं तिकडं बघितलं. "त्या झटक्यानंतर माझा या लाईटवर भरवसा राहिला नाही. मार्चची एक जादा कॉपी मी औरंगाबादला मित्राच्या ऑफिसात ठेवून आलो. डॉक्टरांना न विचारता. म्हणून बोललो नाही."

"उद्यापर्यंत बोलू नकोस," वसराम म्हणाला.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसले. डॉक्टर, लिंबाजी, पुंजाजी आणि वसराम. पुंजाजीला शिरडच्या गावांबद्दल विचारायचंय म्हणून बोलावलं होतं. दोन दिवसांत तो निम्मा झाला होता.

वसराम सावकाश बोलू लागला.

"कोंडीबा बिडीनं मेला नाही. कुणीतरी खोपीतली किल्ली घेतली, पुढचं कुलूप काढलं, कपाटातल्या तबकड्या कागदाच्या खोलीत नेल्या आणि रॉकेल टाकून पेटवल्या. मशीनला झळ लागू नये म्हणून मधलं दार ओढून घेतलं. पुन्हा कुलूप घालून किल्ली खिळ्याला लावली. खोक्यांच्या मागं कोंडीबा झोपलाय, हे त्याला माहीत नव्हतं. ही गोष्ट मी मनापासून मानतो."

त्याने डॉक्टरांकडं बघितलं.

"मला आधी वाटलं, केंद्राच्या वाइटावर असलेला कुणी असेल. पण तसा माणूस गोळ्यांचे डबे बाजूला काढत नाही. तसा माणूस मशीन फोडतो. यानं आजची तबकडी राखली, कारण तिच्यावर शेकडो लोकांची औषधं चालू आहेत. ज्याला रोग्यांची काळजी, असा हा माणूस."

"मग कॉप्या का जाळल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्या कुठं जाळल्या, डॉक्टर? मधल्याच जाळल्या. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी तशाच आहेत. आजची तशीच आहे. म्हणजे त्याला जे नको होतं ते जानेवारीपर्यंत आत आलेलं नव्हतं. फेब्रुवारीत आलं, एप्रिलपर्यंत राहिलं, आणि आज नाही. असं काय असतं? एक नाव असतं. लिंबाजीनं ते मार्चमध्ये एकदा काढलं, पण लाईट गेली आणि फोटोतून ते परत आलं. एप्रिलची कॉपी झाल्यावर ते पुन्हा काढायला लावलं. आता ते मशीनमध्ये नव्हतं, तीन फोटोंत मात्र होतं. आणि तुम्ही बैठकीत सांगितलंत, फोटो ताडून बघणार आणि जीप घेऊन दारात जाणार."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला.

"तोंडी नाव काढायला सांगणारी माणसं गावात फिरणारी. त्यातल्या एकाला मी सोमवारी विचारलं, कोंडीबा बिडी ओढायचा का. तो म्हणाला, कधीमधी. ज्यानं स्वतः मलम लावून, गळ्याची आन घालून कोंडीबाची बिडी सोडवली, त्यानंच हे सांगितलं." वसरामचा आवाज खाली आला. "भाऊ, काहून असं बोललात?"

पुंजाजीनं मान खाली घातली.

"ते नाव मी शोधलेलं न्हाई," वसराम म्हणाला. "शोधता आलं असतं. मार्चची एक कॉपी औरंगाबादला हाये."

पुंजाजीने मान वर केली. तो लिंबाजीकडं बघत राहिला.

"कवापासून?"

"मार्चपासून, भाऊ," लिंबाजी कसाबसा बोलला.

"मंग कोंडीबा कशापायी गेला?" पुंजाजीनं विचारलं.

मग तोच बोलू लागला, कुणाकडं न बघता.

"माझ्या पोरीच्या मांडीवर चट्टा निघाला. मीच बघितला, मीच तिचं नाव दिलं. गावाला सांगत हिंडतो, लपवू नका. माझ्याच घरी लपवलं तर कोणत्या तोंडानं हिंडू? बिनआईचं लेकरू ते. कधी रडलं न्हाई. मंग कनेरगाव नाक्याची सोयरीक आली. पोरगा चांगला, माणसं चांगली. चट्टा बी जाऊन राहिला व्हता. म्हनलं, नाव तेवढं काढावं. गोळ्या मी माझ्या हातानं देत व्हतो, एक दिवस चुकवलं न्हाई. नाव काढलं तर परत आलं. पुन्हा काढलं, तर तुमी म्हनले जीप येनार. जीप दारात उभी राहिली की गावाला काय सांगायचं राहतंय?"

"माझ्याकडं का नाही आलात, पुंजाजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय म्हनू? दुसऱ्याच्या पोरींची नावं ठेवा अन् माझ्या पोरीचं काढा?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"मी हाक मारली व्हती, साहेब," पुंजाजी वसरामला म्हणाला. "फाटकातून दोन डाव हाक मारली कोंडीबाला. खोपीत न्हाई, म्हनलं जेवायला घरी गेला. कुलूप लावून निघालो. छावणीच्या चढावर आलो, मागं वळून बघितलं तर धूर. कागद हाये, जळनारच, असं म्हनलं अन् एसटीत बसलो. शिरडला रात्री निरोप आला, कोंडीबा आत व्हता." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "त्या माळावरून मी त्याला खांद्यावर आनला व्हता. पोरासारखा हलका झाला व्हता तवा."

वसरामने त्याच्या हातात बेड्या घातल्या नाहीत. दंडाला धरून त्याला उठवलं, आणि दोघं पायीच ठाण्यात गेले.

बुधवारी वसराम साध्या कपड्यात एसटीनं शिरड शहापूरला गेला. पुंजाजीची मुलगी ओट्यावर बसली होती. गावात काय बोलणं चाललंय ते तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. तिनं पाणी आणून दिलं.

"बाबा जेवले का?" तिनं विचारलं.

"आज थोडं जेवले."

ती खांबाला टेकून उभी राहिली. "माझ्यासाठी केलं त्यायनं. मला विचारलं असतं तर मी लगनाला नाही म्हनले असते. मला कोणी विचारलंच न्हाई."

वसरामनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तो म्हणाला, "तुमच्या गोळ्या?"

"संपल्या. रविवारी सकाळी बाबानी शेवटची दिली."

"हिंगोलीला मिळतील. पण नाव सांगावं लागेल."

ती आत गेली. वसरामला वाटलं, आता काही ही बाहेर येत नाही. पण ती लुगडं बदलून, घराला कुलूप लावून आली.

हिंगोलीत उतरल्यावर ती म्हणाली, आधी पारुकाकीकडं जायचं. वसराम कोपऱ्यावर थांबला. दार लोटलेलं होतं. पोरीनं हाक मारली, आपण कोण ते सांगितलं. आतून पारुबाईचा बसका आवाज आला, "आज नको, बाई. आज जा तू." पोरगी उंबऱ्याला हात लावून परत फिरली.

केंद्रात रोग्यांची रांग होती. ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टर सोमाणी नजर चुकवून खुर्चीतून उठले आणि आत निघून गेले, आणि चिठ्ठी लिहायचं काम लिंबाजीवर आलं.

"नाव?"

तिनं नाव सांगितलं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"गाव?"

"शिरड शहापूर."

"वडलांचं नाव?"

"पुंजाजी."

लिंबाजीचा हात थांबला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग त्यानं लिहिलं, डब्यातून मोजून गोळ्या काढल्या आणि तिच्या पदरात दिल्या.

महिना संपताना त्यानं मेची कॉपी घेतली. तिच्यात ते नाव होतं.